रविवारी ऑर्गन ऐकायला या

नमस्कार श्रोतेहो. रविवारच्या कार्यक्रमाचं ठिकाण आणि वेळ निवेदकांनी आत्ताच सांगितली आहे. कार्यक्रम चर्चमध्ये असला तरी तो सगळ्यांसाठी आहे, आणि मुलांना तर मुद्दाम घेऊन या. तिकीट नाही. दाराशी डबा ठेवलेला असेल, त्यात ज्याला जे जमेल ते टाकायचं. जमतील ते पैसे पुरात वह्या-पुस्तकं गेलेल्या मुलांसाठी आहेत. पंचगंगा घरात शिरते म्हणजे काय होतं, हे 2019 चा महापूर पाहिलेल्या, कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसांना मी सांगायला नको. भांडी घासून पुसून घेता येतात. पुस्तकाचा लगदा झाला की झालाच.

आता ऑर्गनविषयी. परदेशातल्या मोठ्या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन असतो, तो वेगळा. रविवारी वाजणार आहे तो पायाचा ऑर्गन. आत पेटीसारखेच पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा. पेटीचा भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो, हा भाता हवा आत ओढून घेतो, म्हणून आवाज मऊ आणि भरलेला येतो. आणि भाता चालतो पायांनी. हे लक्षात ठेवा, पायांनी. त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. बालगंधर्वांच्या नाटकांत रंगमंचासमोर हाच ऑर्गन असायचा, तेव्हा आपल्या कानांना तो परका नाही. पेटीचं तर विचारूच नका. 'मानापमान'च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे आपल्या सांगवड्याचे, आणि पेटीवर त्यांचा हात काय होता हे जुनी माणसं अजून सांगतात. अशा या पेटीला रेडिओवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी होती. ती बंदी चूक होती, असं माझं ठाम मत आहे. गावोगावची भजनं ज्या वाद्यानं सांभाळली त्याला दाराबाहेर ठेवायचं, हे मला कधीच पटलं नाही. असो.

मला सांगायची आहे ती एका जुन्या कार्यक्रमाची गोष्ट. असाच मदतनिधीचा कार्यक्रम होता. ऑर्गन वाजवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी स्वरलिपीची पानं उलटायला बसले होते. लोक यायला लागले होते आणि बाई हात मोकळे करायला म्हणून थोडं वाजवत होत्या. एवढ्यात खाली फाटकन आवाज झाला, उजवं पायडल धपकन जमिनीला टेकलं आणि सूर पडत पडत बंद झाला. पायडल भात्याला जोडणारा कापडी पट्टा तुटला होता. कापड इतकं जुनं झालं होतं की बोटानं दाबलं तर भुगा व्हायचा.

पेटी दुरुस्त करणारे गावाला गेलेले. कोणी सुतळी आणली, कोणी बॅगेचा बंद. सुतळी दोन दाबांत तुटली, बंद निसटला. तेवढ्यात चर्चमधला एक मुलगा स्कूटर काढून सुभाषनगरला गेला आणि चपला शिवणाऱ्या एका आबांना मागे बसवून घेऊन आला. आबांच्या हातात पिशवी, पिशवीत रापी, आरी आणि चामड्याचे तुकडे. त्यांनी ऑर्गनकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय वो बाई, ह्याचं पायताण तुटलंय व्हय?"

मग ते चक्क पालथे झोपले आणि डोकं ऑर्गनखाली घातलं. "पाय मारा बघू. नुसता डावा. आता दमानं." पट्ट्यावर ताण किती येतो, कुठं घासतो, हे त्यांनी हातानं चाचपून घेतलं. पिशवीतून म्हशीच्या चामड्याची एक पट्टी निवडली, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली. ती दोन बोटांत पिळून पाहिली, ठेवून दिली, दुसरी घेतली. "ही ताणायची न्हाई," म्हणाले. रापीनं कड तासली, आरीनं भोकं पाडली आणि वादीनं शिवलं, चपलेचा पट्टा शिवतात तसंच. खिळा एकही नाही. समोर बाकं भरत होती आणि लोकांना दिसत होते ते फक्त आबांचे पाय.

बाईंनी पायडल दाबलं. भाता भरला. सूर लागला तो असा स्थिर, की पहिल्या बाकावरच्या मुलांनी टाळ्या पिटल्या.

आबा मात्र उठेनात. "डावा पट्टा बी जुनाच हाय. मी हितंच बसतो," असं म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत ते आरी हातात घेऊन ऑर्गनच्या पायाशी बसून राहिले. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन ऐन रंगात आलेलं, तबला चढलेला, आणि खालून आबांचा आवाज आला, "बाई, डाव्यानं जरा हळू." बाईंनी ऐकलं. तबलजीनंही लय थोडी खाली घेतली, आणि ते भजन त्या लयीत जास्त गोड लागलं. शेवटी बाईंनी वादकांची नावं घेतली तेव्हा आबांचंही नाव घेतलं. मजुरी त्यांनी चपलेच्या पट्ट्याएवढीच घेतली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन डावा पट्टाही बदलून दिला.

रविवारी ऑर्गनच्या जोडीला व्हायोलिन, क्लॅरिनेट, पेटी आणि तबला आहे. क्लॅरिनेट वाजवणारे लग्नाच्या बँडमधले आहेत. त्यांना नीट कान देऊन ऐका. डॉल्बीच्या भिंतींपुढे या माणसांचं काम गेलं, आणि मिरवणुकीतून सूरही गेला. सुरुवातीला जर्मन संगीतकार बाखची एक छोटी रचना आहे, नंतर टिळकांची भजनं, शेवटी नाताळची गाणी. सगळं मिळून दीड तास. तान्हं मूल असेल तर बाजूच्या दाराजवळ बसा, म्हणजे पटकन बाहेर नेता येईल. आणि मोबाईलचा दिवा वादकांच्या डोळ्यांवर मारू नका, त्यांना स्वरलिपी दिसत नाही.

कार्यक्रम संपला की लगेच निघू नका. मुलांना ऑर्गनला हात लावू देणार आहेत. दोघादोघांनी यायचं, एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं पट्ट्या दाबायच्या, मग अदलाबदल. पाय पोचत नसतील तर आईवडिलांनी पायडलशी बसावं. रविवारी, मुलांना घेऊन. नमस्कार.