वाहते नाक, फुटलेला कान आणि वर्ग

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील अनेक दुर्गम ॲबोरिजिनल (मूळ रहिवाशांच्या) वस्त्यांमध्ये मूल काही आठवड्यांचे होते, तोवर न्यूमोकोकससारख्या जंतूंनी त्याच्या नाका-घशात ठाण मांडलेले असते. घरे दाटीची आणि नळ अनेकदा नादुरुस्त असल्याने सर्दी या मुलाकडून त्या मुलाकडे फिरत राहते. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते; त्या वाटेने संसर्ग कानात शिरतो, पडद्यामागे द्रव साचतो, पडदा फाटतो आणि कान महिनोन्महिने वाहतो. एखाद्या समाजातील चार टक्क्यांहून अधिक मुलांचे कान असे वाहत असतील, तर तातडीने लक्ष घालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथील काही वस्त्यांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आढळले आहे.

फुटलेला कान बहुधा दुखत नाही, हीच खरी पंचाईत. ऐकू कमी येत असले, तरी मूल तक्रार करत नाही, आणि घरच्या भाषेहून वेगळ्या इंग्रजीत चाललेल्या वर्गात ते गप्प बसले की ते आळशी ठरते.

म्हणून काही शाळांमध्ये दिवसाची सुरुवात नाक शिंकरणे, दीर्घ श्वास, खोकून कफ मोकळा करणे आणि हात धुणे यांनी होते. चार आठवड्यांहून अधिक टिकणारा ओला खोकला ‘पोरांना असतोच’ म्हणून सोडून दिला, तर श्वासनलिका कायमच्या रुंदावून खराब होऊ शकतात. रोज मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या तो लवकर लक्षात येतो. मात्र फाटलेला पडदा नाक शिंकरल्याने सांधला जात नाही. त्यासाठी कान कोरडा करणे, थेंब घालणे, श्रवणचाचणी आणि प्रसंगी शस्त्रक्रिया लागते. तोवर शिक्षकाचा आवाज वर्गभर सारखा पोहोचवणारा मायक्रोफोन आणि स्पीकर बराच आधार देतात.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील जिगलाँग आणि मुगारिन्या या ॲबोरिजिनल वस्त्यांत 2000 साली पोहण्याचे तलाव सुरू झाले आणि ‘शाळा नाही, तर पोहणे नाही’ असा नियम झाला. तेथे त्वचेचे संसर्ग आणि फुटलेले कान, दोन्ही कमी झाले, पण कानांबाबतचा हा लाभ इतरत्र सगळीकडे दिसला नाही.

बाहेरून आलेले शिक्षक आणि परिचारिका फार काळ टिकत नाहीत. डार्विन शहरातील मेन्झिस आरोग्य संशोधन संस्थेने 2019 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात वस्तीतल्याच माणसांना कान तपासायला शिकवले जाते. त्यांना मुलांची भाषा येते आणि कोणते मूल कोणाच्या घरी मुक्कामाला आहे, हेही ठाऊक असते.