डोकं आधी, प्रेशर नंतर

श्रोतेहो, नमस्कार. डोकं दुखलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "प्रेशर वाढलं असणार." बहुतेक वेळा तसं नसतं. वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही, खुपत नाही. उलट अर्धशिशीची कळ अशी असते की तिनेच रक्तदाब तात्पुरता चढतो. म्हणजे बरेचदा डोकं आधी, प्रेशर नंतर. पुन्हा सांगतो: डोकं आधी, प्रेशर नंतर.

गोव्यातल्या साखळी गावाकडच्या एका काकींचं सांगतो. पन्नाशी उलटलेली, प्रेशरची गोळी चालू, चतुर्थी तोंडावर. कधीही मोजा, वरचा आकडा 160च्या खाली येईना. गोळी वाढवण्याआधी मी म्हटलं, "काकी, घरात असतील ती सगळी औषधं घेऊन या."

काकी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वर प्रेशरच्या गोळ्या, एकही चुकलेली नाही. खाली रबर लावून ठेवलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीच्या रिकाम्या स्ट्रिप्स.

"हे काय, काकी?"

"ते औषध नव्हे डॉक्टर, ते माथ्याचं."

लग्नाआधीपासूनची अर्धशिशी. डाव्या भुवईवर ठणका, उमासे, उजेड सोसवत नाही. त्यात चतुर्थीचं घर: रात्र रात्र नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या, पूजा होईतो पोटात काही नाही, वर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, उदबत्त्यांचा धूर. नेवऱ्या विकत आणल्या म्हणून देव रागावत नाही, आणि घरच्याच हव्या असतील तर पुरुषांनी कढईपुढे बसावं, हे माझं ठाम मत आहे. काकींच्या घरी कोण बसणार? मग रोज एक गोळी, कधी दोन.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात, प्रेशरच्या गोळीचा जोरही कमी करतात. शिवाय महिन्यातले 15 दिवस किंवा जास्त घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. बंद केल्यावर पहिले काही दिवस काकींचं डोकं जास्तच ठणकलं. तसं होतं, आधी सांगून ठेवलं होतं. मग प्रोप्रानोलॉल सुरू केली. मुळात ही हृदयाच्या रुग्णांची गोळी. 1960च्या दशकात ती घेणाऱ्याची अर्धशिशी हटल्याचं डॉक्टरांच्या नजरेत आलं. दमा असणाऱ्यांनी मात्र ती घ्यायची नाही. दिवाळीपर्यंत काकींचा आकडा 130वर आला, आणि डब्यात परत बिस्किटं आली.

अर्धशिशीवरची सुमाट्रिप्टान रक्तवाहिन्या आवळते. प्रेशर आटोक्यात नसेल तर ती नको. रक्तदाब मोजायचा तो पाच मिनिटं शांत बसून, ठणका चालू असताना नव्हे. पण आकडा 180/120च्या वर आणि सोबत बोबडी वळणं, दिसेनासं होणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असेल, तर अर्धशिशी म्हणून काळोखात पडून राहू नका. लगेच 108ला फोन करा.