इफपाशी विल नको

नमस्कार, श्रोतेहो. आज इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांविषयी. 'इफ इट विल रेन, आय विल स्टे होम' हे वाक्य कानावर आलं की मला राहवत नाही. पाऊस उद्याचा असला तरी इफपाशी साधा वर्तमानकाळ यायला हवा: 'इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.' विल फक्त दुसऱ्या भागात. पुन्हा सांगते, इफच्या भागात विल नाही, विल दुसऱ्या भागात. 'इफ यू विल वेट अ मोमेंट' अशी विनंती बरोबर आहे, कारण तिथला विल काळ दाखवत नाही, 'थांबायला तयार असाल तर' असं विचारतो.

आता माझी फार आवडती गोष्ट ऐका. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे सिकंदराचे वडील. इ.स.पू. ३३८मध्ये कायरोनियाच्या लढाईत त्यानं अथेन्स आणि थीब्ज यांचा पराभव केला. ग्रीसमधली बहुतेक नगरं नमली. स्पार्टा मात्र नमेना. तेव्हा फिलिपनं स्पार्टाला एक निरोप धाडला, असं प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. निरोप अर्थातच ग्रीकमधला, आपण तो इंग्रजीत ऐकू: 'इफ आय इन्व्हेड लाकोनिया, आय विल ड्राइव्ह यू आउट.' लाकोनिया हा स्पार्टाचा मुलूख. तिथं पाऊल ठेवलं तर तुम्हाला हुसकून लावीन, ही धमकी. स्पार्टाची माणसं मोजकं बोलण्यासाठीच प्रसिद्ध. त्यांनी उत्तर पाठवलं एका शब्दाचं. 'इफ.'

जर! सगळ्या धमकीतला एकच शब्द उचलून त्यांनी राजाला परत केला. फिलिपचं सैन्य लाकोनियात शिरलंही, त्यानं मुलूख उजाड केला, पण स्पार्टा शहर काही त्यानं घेतलं नाही. इ.स.पू. ३३६मध्ये त्याचा खून झाला.

आता त्या धमकीतले काळ बघा. इफपाशी इन्व्हेड, साधा वर्तमान, पुढे विल. म्हणजे हे घडू शकतं, म्हणून त्यात जरब आहे. फिलिप असं म्हणाला असता तर? 'इफ आय इन्व्हेडेड लाकोनिया, आय वुड ड्राइव्ह यू आउट.' इन्व्हेडेड आणि वुड. सगळी जरब गेली, नुसती कल्पना उरली. इथं भूतकाळाचं रूप आहे, पण गोष्ट भूतकाळातली नाही. हे लक्षात ठेवा: रूप भूतकाळाचं, अर्थ कल्पनेचा. आणि आजचा इतिहासकार काय लिहील? 'इफ फिलिप हॅड टेकन स्पार्टा, ही वुड हॅव ड्रिव्हन देम आउट.' घेतलं नाही, हुसकलं नाही, आता त्यात काही बदलणार नाही.

या तिसऱ्या वाक्यात मराठी माणूस हमखास अडकतो. आपण म्हणतो, 'घेतलं असतं, तर हुसकलं असतं.' दोन्हीकडे असतं! म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव घालतो. इफपाशी हॅड टेकन, वुड हॅव पुढच्या भागात.

या वाक्यांना फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल असे क्रमांक देतात. मला ते मुळीच आवडत नाहीत. मुलांना क्रमांक पाठ असतो आणि वाक्य बोलता येत नाही. पाठांतर वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. हल्ली पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. लहानपणी पाठ केलेली कविता म्हातारपणी सोबत करते. पाठ करायचंच तर अख्खं वाक्य करा, मोठ्यानं म्हणून.

जाता जाता अनलेस. 'अनलेस यू डोन्ट हरी, यू विल मिस द ट्रेन' हे चूक, कारण नकार अनलेसमध्येच आहे. डोन्ट काढून टाका: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन.' आणि इथंही तेच, अनलेसपाशी विल नाही. नमस्कार.