आधी तुमचा रेडिओ बंद करा

(कराडजवळच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना थोडं संपादन केलं आहे.)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि चालू पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेले माझे मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'राष्ट्रीय नभोवाणी आणि नागरिकांचा आवाज : भारतात हे शक्य आहे का?' विषय मीच दिला होता. छापून आल्यावर मलाच दडपण आलं. आता पत्रिका घरोघर गेल्यात, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. शेवटी देणार आहे. आधी थोडी पार्श्वभूमी. (हशा) हसू नका, माझी पार्श्वभूमी खरंच थोडी असते.

तुम्ही मला ओळखता ते टेलिफोनवाले म्हणून. अठ्ठावीस वर्षं मी ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देण्यात, काढली. कानाला हेडसेट, समोर दोऱ्या आणि प्लग, बाजूला टिकिटांचा गठ्ठा. आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, की मुंबईला बोलायचं तर सकाळी कॉल बुक करायचा आणि दुपारपर्यंत फोनजवळून हलायचं नाही. घाई असेल तर अर्जंट, दुप्पट पैसे. फारच घाई असेल तर लाइटनिंग, आठपट. लाइटनिंगचं टिकिट आलं की आम्हीसुद्धा गंभीर व्हायचो, कारण तो बहुतेक मयताचाच असायचा. एकदा एकाने लग्नाच्या आचाऱ्यासाठी लाइटनिंग लावला होता. पण ते असो.

निवृत्तीनंतर मी आणि ही मुलीकडे कॅनडात गेलो. मिसिसॉगा. टोरांटोला लागून आहे. 2013 चा हिवाळा. बाहेर बर्फ, मुलगी-जावई कामावर, नात शाळेत, आणि आम्ही दोघं खिडकीतून समोरच्या घराची बंद खिडकी बघतोय. मुलीच्या घरात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक रेडिओ होता. तिथे मला हा कार्यक्रम सापडला. सीबीसी, म्हणजे त्यांची आकाशवाणी समजा. दर रविवारी दोन तास, थेट प्रक्षेपण. नाव 'क्रॉस कंट्री चेकअप'. चेकअप ऐकून मला वाटलं ब्लडप्रेशरबद्दल असेल, म्हणून मी हिला हाक मारली. तर तसं नव्हतं. देशासमोरचा एक प्रश्न घ्यायचा आणि सगळ्या देशाने फोन करायचा. आणि गंमत ऐका, 1965 साली हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिलाच विषय होता औषधोपचाराचा खर्च सरकारने उचलावा का. म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

देश केवढा, तर सहा टाइम झोन. माणसं किती, तर तेव्हा साडेतीन कोटी. आपल्या एकट्या महाराष्ट्रात त्याच्या तिपटीहून जास्त. टोरांटोत दुपारचे चार वाजले की व्हँकुव्हरला एक वाजलेला असतो आणि पूर्वेच्या टोकाला न्यूफाउंडलंडला साडेपाच. हे 'साडे' लक्षात ठेवा. जगात बहुतेक घड्याळं तासातासाने पुढेमागे असतात. अर्ध्या तासाचा घोळ मोजक्या लोकांनी घालून ठेवलाय, त्यात आपण आहोत आणि हे न्यूफाउंडलंडवाले आहेत. त्यामुळे हिवाळ्यात कराड आणि न्यूफाउंडलंड यांच्यात बरोबर नऊ तास, चोख. मिसिसॉगाहून इकडे फोन करताना मात्र साडेदहा तासांचा हिशेब बोटांवर करावा लागायचा. ही तर अजूनही चुकते. (हशा) समोर बसलीय, मला कल्पना आहे.

तेव्हा सूत्रसंचालक होते रेक्स मर्फी. ते स्वतः त्या न्यूफाउंडलंडचे. इंग्रजी असं, की आमच्या जावयालाही मधे मधे डिक्शनरी लागायची. 1994 ते 2015, एकवीस वर्षं त्यांनी तो कार्यक्रम चालवला. पुढे तिथे इयन हॅनोमॅनसिंग आले. आडनाव सावकाश म्हणून बघा. हॅनोमॅन सिंग. जन्म त्रिनिदादचा. मारुतीराया वेस्ट इंडिजमार्गे कॅनडाच्या रेडिओवर पोचले, समुद्र ओलांडायची त्यांना सवयच आहे.

तर एका रविवारी विषय म्हाताऱ्या आईबापांचा होता. कुणी सांभाळायचं, मुलांनी की सरकारने. ऐकता ऐकता माझं रक्त तापलं. एकजण म्हणतोय कर वाढवा, दुसरा म्हणतोय कमी करा. मी म्हटलं यांना आपली संस्कृती सांगितली पाहिजे. कागद घेतला, मुद्दे काढले. एक, मातृदेवो भव. दोन, एकत्र कुटुंब. तीन, पाश्चात्त्यांची चूक. नंबर लावला, फुकटचा होता, आणि चक्क लागला.

पलीकडून एक मुलगी. आवाजावरून पंचविशीची. नाव, गाव विचारलं, मग म्हणाली, तुम्ही काय सांगणार आहात? मी कागद वाचायला घेतला. दुसऱ्या मुद्द्यावर तिने थांबवलं. अगदी गोड आवाजात विचारलं, हे तुमचं मत झालं, पण तुमच्या बाबतीत घडलंय काय?

आता काय सांगू! अठ्ठावीस वर्षं मी लोकांना 'कुणाशी बोलायचंय' विचारत आलो. मला कुणी 'तुमचं काय घडलं' विचारलं नव्हतं. मी गडबडलो. आणि तोंडून भलतंच निघालं.

आमच्या एक्स्चेंजला, सत्तरच्या दशकातली गोष्ट, दर महिन्याच्या शेवटी एक म्हातारी यायची. नदीपलीकडच्या गावची. मुलगा मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी. त्याच्या गाळ्याशेजारी एका पेढीवर फोन होता. ती पीपी कॉल लावायची, म्हणजे तोच माणूस आला तर कॉल, नाहीतर नाही. त्याला बोलावून आणायला वेळ लागायचा. तो यायचा, धापा टाकत. आणि मग तीन मिनिटांतली दोन मिनिटं ही विचारायची, "आयकू येतंय का? आरं, आयकू येतंय का?" तो म्हणायचा, येतंय. ही म्हणायची, मग बोल की. तो म्हणायचा, तू बोल. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे घुसून 'थ्री मिनिट्स' म्हणायचं, असा नियम. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या दोन शब्दांनी किती जणांच्या घशात आवंढा आणलाय. त्या म्हातारीच्या कॉलला मी ते कधी म्हटलं नाही. टिकिटावर तीनच लिहायचो. सरकारचं नुकसान केलं. आता पेन्शन चालू आहे, म्हणून सांगतो. (हशा)

हे मी त्या मुलीला माझ्या इंग्रजीत सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, हेच सांगा. कागद बाजूला ठेवा. आणि हो, आधी तुमचा रेडिओ बंद करा.

मला लाइनवर ठेवलं. चाळीस मिनिटं! ज्याने अख्ख्या तालुक्याला ताटकळत ठेवलं तो स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा. ही खुणेने विचारतेय कुणाचा फोन, मी खुणेने सांगतोय गप्प बैस. आणि या खाणाखुणांत रेडिओ बंद करायचा राहिला. माझं नाव पुकारलं. मी बोलायला लागलो, आणि काही सेकंदांनी ओट्यावरून एक माणूस माझ्यावर बोलायला लागला. मी थांबलो की तो बोलायचा, मी बोललो की तो मागून यायचा. मी! टेलिफोन खात्याचा माणूस! पुढची पंधरा सेकंद सबंध कॅनडाने एका मराठी माणसाचं 'हॅलो, हॅलो' ऐकलं. शेवटी नातीने धावत येऊन वायर ओढली. मग मिनिटभर मिळालं. म्हातारीची गोष्ट सांगितली, ठेवला. संस्कृती राहूनच गेली.

मला वाटलं संपलं. पुढे दोन-तीन फोन झाले आणि एक बाई आली, न्यूफाउंडलंडची. म्हणाली, त्या भारतातल्या गृहस्थांनी सांगितलं ना, तसंच आमचं. आता तिथली गोष्ट अशी, की 1992 च्या जुलैत सरकारने कॉड मासेमारी बंद केली. समुद्रातला मासाच संपत आला होता. तीसेक हजार माणसांचं काम एका फटक्यात गेलं. तिथली पोरं मग निघाली पाच-सहा हजार किलोमीटरवर अल्बर्टाला, तेलाच्या खाणींवर. चाकरमानीच म्हणा, गणपतीला यायचे ते ख्रिसमसला यायचे. तिचा मुलगा तिकडे. म्हणाली, रविवारी फोन येतो, आणि आम्ही दोघं हवामानाबद्दल बोलतो. त्याच्याकडे किती थंडी, माझ्याकडे किती. मला त्याला दुसरं काही विचारता येत नाही.

माझी म्हातारी आणि ही बाई. एक अर्ध्या तासावाली इकडची, एक तिकडची. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. ही म्हणाली, चहा टाकू का.

(चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं. बरं. अध्यक्ष, तुमचं घड्याळ न्यूफाउंडलंडचं आहे का?)

माझं म्हणणं काय, तर त्या कार्यक्रमाचा प्राण सूत्रसंचालकात नव्हता. तो त्या पंचविशीच्या मुलीत होता, जी कधीच ऐकू येत नाही. आमच्या भाषेत ऑपरेटर. ती नसती तर मी 'मातृदेवो भव' म्हणून आलो असतो, पुढच्याने 'तुमच्या देशात परत जा' म्हटलं असतं, आणि झाली असती आपल्या टीव्हीवरच्या नऊ चौकटींची चर्चा. मत विचारलं की माणूस ऐकलेलं मत सांगतो. घडलेलं विचारलं की त्याला स्वतःचंच सांगावं लागतं, आणि ते खोडून काढायला समोरच्याकडे काही नसतं.

आपल्याकडे फोन-इन होत नाहीत असं नाही. होतात. पण फोन लावणारा आधी काय म्हणतो? "कार्यक्रम फार छान असतो." मग, "किती वर्षांनी लाइन लागली!" मग निवेदिका विचारते, "काय करता आपण? घरी कोण कोण असतं?" मग गाणं. मी एकदा एका केंद्रावर, नाव घेत नाही, पाण्याच्या टाकीबद्दल फोन केला. आमच्या आळीत नळाला पाणी पहाटे तीनला येतं, तर का. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, विषय पाण्याचाच आहे, पण पाण्याचं महत्त्व सांगा. मी म्हटलं, पहाटे तीनला उठून भरतो, महत्त्व मला माहीत आहे.

आवाज पोचवायची हौस मात्र आपल्याला जुनी. झुमरीतलैया हे गाव नकाशावर कुठे आहे ते निम्म्या लोकांना माहीत नसेल, पण फर्माइशींच्या पत्रांमुळे नाव देशभर झालं. आपल्या आकाशवाणीवरच्या 'आपली आवड'मध्ये स्वतःचं आणि गावाचं नाव लागावं म्हणून लोक कार्डामागून कार्डं टाकायचे. गाणं काय, ते कुठेही लागायचं.

(पाच मिनिटं? ठीक आहे, ठीक आहे.)

तर मूळ विषय. भारतात शक्य आहे का? भराभर सांगतो.

कायदा आड येतो का? 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, अंमल 1997 पासून. खाजगी एफएम 2001 ला आलं, पण त्यांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी करायला मनाई. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. नळाला पाणी कधी येणार हे त्यांना सांगता येतं, का येत नाही यावर गाव बोलावता येत नाही. म्हणजे उरली आकाशवाणी. तिच्याकडे लाइन आहे, केंद्रं आहेत. 'मन की बात' 2014 च्या दसऱ्याला सुरू झाली, त्यासाठी लोक फोनवर आपलं म्हणणं नोंदवतातही. पण तिथे बोलणारे एक, ऐकणारे आपण. मला उलटं हवंय.

खाजगीला मोकळीक दिली की आपोआप होईल? अमेरिकेत 1987 साली रेडिओ-टीव्हीवरचं दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन काढलं. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ नावाचा रेडिओवाला देशभर सुरू झाला, तीन-तीन तास तोच बोलायचा. फोन करणारा फक्त 'वा वा' म्हणायला किंवा मार खायला. त्यामुळे मोकळीक द्या, पण मला ऑपरेटर आधी पाहिजे.

राष्ट्रीय म्हणजे कुठल्या भाषेत? घटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस आहेत. कॅनडाचा हा कार्यक्रमसुद्धा इंग्रजीतला आहे, फ्रेंचवाल्यांचं रेडिओघर वेगळं. म्हणून मी दिल्लीची वाट बघत नाही. मराठीतून, रविवारी, दोन तास, पुण्या-मुंबईबरोबर सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी, पणजी ही केंद्रं जोडून. एक विषय. मंत्री नको, तज्ज्ञ एकच आणि तोही अर्ध्या तासाने. फोन उचलायला चार माणसं. निवृत्त ट्रंक ऑपरेटर मिळाले तर उत्तम, आम्ही अजून आठ-दहाजण शिल्लक आहोत, कान जरा गेलेत, पण 'घडलं काय' विचारता येईल. बेळगावहून फोन आला तर घ्यायचा का यावर एक दिवस भांडण होईल, ते होऊ द्यावं. बडोदा, इंदूर, मिसिसॉगाहून आला तर घ्यायचा. साडेदहा तासांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

खर्चाचा मुद्दा होता, तो कागदावर... राहू दे. घंटा वाजली.

प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं दिलीत ना अध्यक्ष? हां. त्या मागच्या बाई, खांबाजवळच्या. माइक द्या रे त्यांना. बोला, ताई. येतंय ऐकू, बोला.