गोंधळाची भिंत

हा लाल गोळा पाहा. आता तुटेल... नाही तुटला. वर जाता जाता शेजारच्याला चिकटला. पुढे कुठे वळेल, हे दिवा बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणूनच तो इथे आहे.

सॅन फ्रान्सिस्को. संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या कार्यालयात शिरताच ही भिंत दिसते. सुमारे १०० लाव्हा लॅम्प, म्हणजे आतल्या द्रवात मेणाचे रंगीत गोळे वर-खाली तरंगणारे दिवे. समोरचा कॅमेरा त्यांची छायाचित्रं टिपत राहतो आणि प्रत्येक ठिपक्याचा आकडा होतो. मध्येच कुणी येऊन उभं राहिलं तरी हरकत नाही. गोंधळ वाढला तर बरंच. कल्पना मूळची यांची नव्हे. १९९०च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक कंपनीत हा प्रयोग झाला होता.

संगणक आज्ञाधारक. तेच गणित दिलं की तेच उत्तर. मनाला येईल तो आकडा सांग म्हटलं, की अडतो. आणि सुरक्षित संकेतस्थळाचं सगळं काम अशा आकड्यापासूनच सुरू होतं.

पत्त्यात एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण, आलं, की ब्राउझर आणि सर्व्हर दोघंही एकेक गुप्त आकडा निवडतात. तो कुणीच पाठवत नाही. त्यावर गणित करून आलेलं उत्तर तेवढं पाठवतात, तेही उघड्यावर. वाटेत कुणीही वाचावं. उत्तरावरून आकड्याकडे परतणं जवळपास अशक्य. मग प्रत्येकजण आपला आकडा समोरच्याच्या उत्तरात मिसळतो, आणि दोन्हीकडे संदेश कुलूपबंद करणारी एकच किल्ली तयार होते. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी १९७६ साली ही युक्ती छापून सगळ्यांसमोर ठेवली. सुरक्षित जोडणीची नियमावली म्हणजे टीएलएस; तिच्या २०१८च्या १.३ आवृत्तीत एवढी देवाणघेवाण एकाच फेरीत उरकते. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, ते प्रमाणपत्रावरून ठरतं. तो विषय वेगळा.

पण गुप्त आकडाच ओळखता आला तर?

१९९५. नेटस्केप ब्राउझर हा आकडा घड्याळातली वेळ आणि संगणकातले एक-दोन क्रमांक यांवरून काढायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कोड बंद होता. बर्कली विद्यापीठाच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी प्रोग्राम उसवला, एकेक टाका सोडवत त्या जागी पोहोचले आणि सापडलं ते जाहीर केलं. नेटस्केपला दुरुस्ती करावी लागली.

डेबियन या मोफत संगणक-प्रणालीचा कोड मात्र उघडा होता. तिथेही २००६च्या एका बदलानंतर एकेका प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या शक्य उरल्या. लक्षात आलं २००८ मध्ये, मग जिथे तिथे किल्ल्या बदलाव्या लागल्या.

पुन्हा भिंतीकडे येऊ. मघाचा लाल गोळा आता दोन झालाय. कॅमेऱ्याने तेही टिपलं.