बरफर्डच्या चर्चमधले कैदी

ही अक्षरं जवळून बघा. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला शिशाचं अस्तर आहे आणि त्यावर कोरलंय: अँथनी सेडली, कैदी, १६४९.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, ऑक्सफर्डशायरमधल्या बरफर्डच्या या चर्चमध्ये तीनशेच्या वर सैनिक कोंडले होते. हे राजाचे सैनिक नव्हते. राजा चार्ल्सचं मुंडकं जानेवारीतच उडालं होतं. हे संसदेचे सैनिक, ज्यांच्या जिवावर राजाविरुद्धचं युद्ध जिंकलं तेच. आणि त्यांना कोंडणारा होता त्यांचाच सेनानी, ऑलिव्हर क्रॉमवेल.

हे भांडण कुठलं, ते लंडनच्या पटनीला कळतं. थेम्सकाठचं हे सेंट मेरी चर्च. १६४७ च्या ऑक्टोबरात इथं सेनेचे अधिकारी आणि पलटणींनी स्वतः निवडून पाठवलेले शिपाई समोरासमोर बसले. पलटणीपलटणींत बायबल वाचलं जात होतं, साधा शिपाईही प्रवचन करत होता. देवापुढे सगळे सारखे, हे त्यांनी मनापासून मानलं होतं. मग संसदेपुढे का नाही?

दुसऱ्या दिवशी आधी प्रार्थना झाली, मग मतदानाचा हक्क कुणाला, यावर वाद पेटला. कर्नल रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडातल्या सर्वांत गरीब माणसालाही जगायला एक आयुष्य आहे, सर्वांत मोठ्या माणसाइतकंच. ज्या सरकारच्या हुकमाखाली राहायचं, त्याला त्याची संमती हवीच. क्रॉमवेलचा जावई आयर्टन अडून बसला: ज्याची देशात कायमची मिळकत, मत त्यालाच. त्यावर सेक्स्बी हा शिपाई उसळला. आम्ही जीव धोक्यात घातला तो आमच्या हक्कांसाठी. हक्कच नसतील, तर आम्ही निव्वळ भाडोत्री ठरलो!

हे सगळं आज आपल्याला ऐकू येतं, कारण विल्यम क्लार्क नावाचा सचिव तिथं लघुलिपीत टिपणं घेत होता. ती वही जवळजवळ अडीचशे वर्षं दुर्लक्षित राहिली, अखेर ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात सापडली. या कागदांइतकं मोलाचं त्या क्रांतीनं मागं काही ठेवलेलं नाही, असं मला वाटतं.

दीड वर्षानं रेन्सबरो आणि सेक्स्बी यांच्याच विचाराच्या पलटणींनी बंड केलं. पगार थकलेला, मागण्या तशाच, आणि वर आयर्लंडला जाण्याचा हुकूम. क्रॉमवेलनं रात्री बरफर्डवर छापा घातला. १७ मे रोजी चर्चच्या आवारात तिघांना गोळ्या घातल्या: थॉम्पसन, पर्किन्स, चर्च. बाकीच्यांना सोडलं, चळवळ मोडली.

१९७५ पासून दर मे महिन्यात त्या तिघांच्या आठवणीत बरफर्डच्या गल्ल्यांतून कामगार संघटनांचे झेंडे निघतात. इंग्लंडात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं ते १९१८ साली, सगळ्या प्रौढ बायकांना १९२८ साली.