आधी धू, मग बघू

(दृश्य: पहाट. तालमीचा हौदा. फावड्यानं माती उकरल्याचा आवाज.)

कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत पहाटे पाय ठेवला की आधी ताकाचा आंबूस वास येतो. मागोमाग हळदीचा, मग तेलाचा. हौद्यातल्या लाल मातीत ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर असं बरंच काही मुरवलेलं असतं. पोरं ती उकरतात, ढेकळं फोडतात, पायानं सारखी करतात आणि मग जोड लागतात.

पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा खालून सुटून उभा राहतो. कोपराचं सालटं गेलंय. रक्ताचे बारीक थेंब मातीत मिसळून काळसर झालेत. तो सवयीनं चिमूटभर माती उचलतो आणि कोपरावर दाबतो. कट्ट्यावरून वस्तादांचा आवाज येतो, "ए, नळावर जा! धू आधी ते!"

माझी आज्जी अगदी हेच म्हणायची. "आधी धू, मग बघू."

(दृश्य: शेताचा बांध. सकाळचं ऊन.)

आज्जीचं घर करवीर तालुक्यात, पंचगंगेकाठच्या गावात. उसाचा पट्टा. कोयता, विळा, पाचटाची पाती, बाभळीचे काटे, त्यामुळं रोज कुणाचं तरी काहीतरी कापलेलं असायचंच. दवाखाना लांब, बांध जवळ. आणि बांधावर दगडी पाला.

हा बघा. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीला चिकटून पसरतो. पानं खरखरीत, कडा दातेरी, आणि लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेनं पांढरट पाकळ्या. चार-पाच पानं घ्यायची, धुवायची, तळहातावर चोळायची आणि मुठीत पिळायची. हिरवा रस बोटांच्या फटीतून उतरतो. थेंब जखमेवर पडला की चुरचुरतं आणि बारीक चिरेतलं रक्त थांबतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही या पाल्यानं जखम लवकर भरून आल्याचं दिसलंय.

या पाल्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. आपण त्याला पिढ्यान् पिढ्यांचं औषध म्हणतो, पण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. मिरचीसारखीच बाहेरून आली आणि आपली झाली. म्हणजे आपल्या बायाबापड्यांनी परकं तण हातात घेऊन बघितलं, लावून बघितलं, उपयोगी दिसलं ते ठेवलं. हे औषध कुठल्या पोथीत आयतं मिळालेलं नाही, त्यांनी ते स्वतःच्या हातांनी शोधलंय.

(दृश्य: हळदीचा डबा, पितळी चमचा.)

हळदीची गोष्ट तर जगभर गाजली. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या वापराचं पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने ग्रंथ, छापील शोधनिबंध पुढं ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. शेजारच्या सांगलीच्या हळदीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा अभिमान वाटणारच, मलाही वाटतो. पण ती लढाई हा वापर जुना आहे, एवढ्यापुरतीच होती. कुठल्या जखमेला हळद पुरते आणि कुठल्या जखमेला पुरत नाही, हे त्यानं ठरलं नाही. ते जखम बघूनच ठरतं.

आज्जी बघायची. खरचटलं असेल तर हळद आणि खोबरेल तेल. गळू असेल तर गव्हाच्या पिठाचं किंवा अळशीचं गरम पोटीस; ऊब लागली की तिथलं रक्त खेळतं आणि गळू लवकर पिकतं. पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात पाय कुजून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की मेंदीचा पाला वाटून. राधानगरी, गगनबावड्याकडं रोपलावणीच्या बायांच्या पायांना अजून ती तांबूस मेंदी दिसते, आणि मेंदीतल्या रंगद्रव्यात बुरशीला आवर घालण्याचा गुण खरोखरच आहे.

तोंड आलं की बाभळीच्या सालीचा काढा करून चूळ भरायला द्यायची. हीच साल आणि हिरडा इथल्या चप्पल कारागिरांच्या घरी कातडं कमावायला लागतो. दोन्हीकडं काम करतं ते सालीतलं तुरट द्रव्य. ते प्रथिनांना धरून आवळतं. कातडं टिकतं ते त्यामुळं आणि सुजलेली हिरडी आवळते तीही त्यामुळंच. सुभाषनगरात चामड्याचा तो उग्र वास आला की मला आज्जीच्या काढ्याची चव आठवते.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीवर वाफ. चुलवाणात चिपाडं लोटणारा जळव्या.)

गुऱ्हाळावर मात्र क्षणभराचाही उशीर चालत नाही. गूळ उतरवायच्या वेळी काहिलीतला पाक ११५ अंशांच्या वर गेलेला असतो. पाणी उडालं तर ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून राहतो आणि भाजत राहतो. जुने गुळवे चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून लावत. थंडावा वाटायचा. पण भाजल्यावर पहिली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, याला तोड नाही. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधा यांवर असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना.

गुळाचंही एक सांगायला हवं. साखर आणि गूळ ओलावा खेचून घेतात. मोरावळा वर्षभर का नासत नाही? जंतूंना जगायला लागणारं पाणीच त्यात मोकळं राहत नाही. जखमेवर मध लावण्यामागंही तेच आहे. शिवाय मध आम्लधर्मी असतो आणि त्यात जंतूंना मारणारं द्रव्यही हळूहळू तयार होत राहतं. म्हणून रुग्णालयांत मधाच्या पट्ट्या वापरतात. पण तो मध किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेला असतो. पोळ्यातल्या किंवा बरणीतल्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून उघड्या, खोल जखमेत तो घालू नये.

(दृश्य: उसाचं कापलेलं रान. जमिनीतून वर आलेले टोकदार बुडखे.)

इथं थोडं थांबतो, कारण ही जागा आमच्या घरची आहे.

माझे काका याच रानात अनवाणी चालत होते. उसाचा बुडखा तळपायात घुसला. घरी येऊन त्यांनी गूळ-चुना लावला, वर फडकं बांधलं. काटा रुतला की गूळ-चुना लावायचा, नाहीतर बिब्ब्याचा चटका द्यायचा, हे आम्ही सगळे बघतच वाढलो. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी चप्पल घातली आणि कामाला लागले. दुखत नव्हतं, हीच वाईट खूण होती. काकांना मधुमेह होता. वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. खाली काय चाललंय ते पाय सांगतच नाही. वर चुना कातडी जाळतो, बिब्बा उतला तर नवीनच जखम होते, आणि तेही कळत नाही. फडकं सुटलं बाराव्या दिवशी, वास आला म्हणून. दोन बोटं काढावी लागली.

आज्जी तेव्हा नव्हती. असती तर पहिल्याच संध्याकाळी तिनं फडकं सोडलं असतं. तिच्या औषधांमधलं सगळ्यात मोठं औषध मला आता हे वाटतं, की ती रोज जखम उघडायची. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं धुवायची, कंदिलाजवळ नेऊन बघायची, वास घ्यायची, हाताच्या मागच्या बाजूनं कडेची उष्णता पाहायची. लाली पसरतेय का? सूज वाढतेय का? पू आलाय का? काखेत, जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलंय का? आणि तसं दिसलं की ती पाला फेकून द्यायची आणि गाडी जुंपायला सांगायची. आम्ही तिचा पाला लक्षात ठेवला आणि हे बघणं विसरलो.

(दृश्य: गोठा. शेणाची पाटी. गंजलेला खिळा.)

एक गोष्ट मात्र आज्जीलाही बघून कळली नसती. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, शेणात असतात. उकळत्या पाण्यालाही ते सहज दाद देत नाहीत, हळदीला तर नाहीच नाही. खोल, अरुंद, हवा न पोचणारी जखम त्यांना हवी असते. वरून ती भरलेली दिसते आणि आठवड्या-पंधरवड्यानं जबडा आवळतो. पूर्वी नाळेवर शेण किंवा राख लावायचे आणि बाळं जायची. लस आली, बाळंतपणं स्वच्छ झाली, आणि २०१५ साली भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हद्दपार झाल्याची नोंद झाली. पण माती तीच आहे. म्हणून दर दहा वर्षांनी धनुर्वाताची लस घ्यायची, आणि जखम खोल किंवा मातीनं, शेणानं भरलेली असेल आणि शेवटच्या लसीला पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा.

कुत्रं चावलं तर तिखट, चुना, हळद काहीही भरायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस. रेबीज अंगात उमटल्यावर त्यावर औषध नाही.

(दृश्य: तालमीतला तोच पोरगा. नळाखाली कोपर. साबणाचा फेस, त्यातून निघणारी लाल माती.)

वस्ताद आता जवळ आलेत. पोराचा दंड धरून त्यांनी कोपर उजेडाकडं वळवलंय. "उद्या परत दाखवायचं," ते सांगतात. "आणि बरं होस्तोवर मातीत उतरायचं न्हाई."

(दृश्य: संध्याकाळ. घराचा उंबरा.)

आमचे काका रोज यावेळी उंबऱ्यावर बसतात. काकू तांब्याभर कोमट पाण्यानं त्यांचे पाय धुते, बोटांच्या बेचक्यातून फडकं फिरवते, कोरडं करते. मग दाढीचा छोटा आरसा तळपायाखाली धरते. काका वाकून त्यात बघतात.

"जरा उजेडाकडं करा पाय," काकू म्हणते. "करंगळीखालचं दिसंना झालंय."